हिरव्या केळीचं काय?

धुळ्याच्या कॉलेजात मी लागले तेव्हा ‘आर्थिक विचारांचा इतिहास’ हा पेपर कोणालाच नको होता. बँकिंगसाठी स्टाफरूममध्ये रुसवेफुगवे चालायचे, शेतीच्या अर्थशास्त्रावर तर दोघादोघांचा डोळा असायचा, आणि हा इतिहास मात्र नवीन आलेल्या बाईच्या गळ्यात घालून सगळे मोकळे व्हायचे. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि ती नवीन बाई म्हणजे मी. मला तो पेपर मनापासून आवडतो हे मी कोणाला कळू दिलं नाही, नाहीतर त्याचाही भाव वाढला असता.

आवडण्याचं कारण माझे सर. जळगावला शिकत होते तेव्हा हा पेपर त्यांच्याकडे होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्यालाही ग्रीस देशात काय चाललंय ते समजायचं. ते फैजपूरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. मी सावद्याजवळच्या खेड्यातली, आमच्याही घरी केळीच. त्यामुळे ते मला लेकीसारखं वागवायचे आणि लेकीसारखंच सगळ्यांदेखत रागवायचे. पुढे मी शिकवायला लागले ती त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच पुस्तकावरून, आणि विद्यार्थी म्हणतात त्याप्रमाणे त्यांच्यासारखाच खडू हवेत फिरवत.

एके दिवशी स्टाफरूममध्ये मी तासाची तयारी करत होते. शेजारी उर्दू-फारसीचे प्राध्यापक बसले होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे. सगळं कॉलेज त्यांना भाईसाहेब म्हणायचं. लहानपणी मदरशात शिकल्यामुळे त्यांना अरबीही चांगली येत होती. चहा बशीत ओतता ओतता त्यांनी माझ्या पुस्तकात डोकावून पाहिलं. एका पानावर ग्रीक संपत होते, आणि पान उलटलं की थेट तेराव्या शतकातले युरोपातले धर्मगुरू. भाईसाहेबांनी ते पान मागे-पुढे केलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, की बाई, मधली इतकी शतकं बाजार बंद होता का?

मी हसले, पण आतून चिडले. माझा पारा चढायला फारसं काही लागत नाही. बगदाद, दमास्कस, कैरो, केवढ्या मोठ्या पेठा त्या. तिथे माल येत होता, भाव चढत-उतरत होते, आणि त्याबद्दल कोणी काही विचारच केला नसेल हे मी इतकी वर्षं गपगुमान मान्य कसं केलं? तास सुरू व्हायची घंटा झाली. त्या दिवशी मी धर्मगुरूंपाशी पोचलेच नाही, काहीतरी उजळणी घेऊन वेळ मारून नेली.

तेव्हापासून माझ्या रविवारच्या सकाळी भाईसाहेबांच्या घरी जायला लागल्या. ते अरबीतून किंवा उर्दूतून वाचायचे, हिंदीत समजावून सांगायचे, मी मराठीत उतरवायची. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची. त्या मध्येच पोह्यांची बशी आणून ठेवायच्या आणि आजचे बुवा कोणत्या गावचे ते विचारायच्या. त्या विचारवंतांची नावं मी इथे देत नाही. एकेक नाव आगगाडीसारखं लांब, आणि ती माझ्या तोंडात बसायलाच फार वेळ लागला. माणसं मात्र पहिल्या भेटीतच ओळखीची वाटली.

इराणकडचे एक धर्मशास्त्री होते. ते म्हणत, पैसा हा आरशासारखा आहे, त्याला स्वतःचा रंग नसतो, समोर येईल त्या वस्तूचा रंग तो दाखवतो. दमास्कसचे एक होते, त्यांनी लिहून ठेवलं होतं की भाव वाढला म्हणजे दुकानदाराने लबाडीच केली असं नसतं. माल कमी आला किंवा घेणारे वाढले तरी भाव चढतो. आणि चौदाव्या शतकातले उत्तर आफ्रिकेतले एक न्यायाधीश, त्यांच्यापाशी तर मी हातच टेकले. एकट्या माणसाला स्वतःपुरतं धान्यही पिकवता येत नाही, त्यामागे लोहार लागतो, सुतार लागतो, असं सांगून ते कामाच्या वाटणीकडे जायचे. राज्य नवं असतं तेव्हा कर थोडा आणि तिजोरी भरलेली, राज्य म्हातारं झालं की कर भरमसाट आणि तिजोरी रिकामी, हेही त्यांचंच. आम्ही हे सगळं कालपरवाच्या इंग्रज-अमेरिकन मंडळींच्या नावावर शिकवत होतो.

भाईसाहेब भाबडे नव्हते. ‘इस्लामी अर्थशास्त्र’ हे नाव मुळात विसाव्या शतकातलं, ते बरंचसं आपल्याच उपखंडात आणि उर्दूत रुजलं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या नव्या लोकांची पुस्तकंही त्यांच्या कपाटात होती. पण ती वाचताना ते कुरकुरायचे. त्यांचं म्हणणं असं, की जुने लोक प्रश्न घेऊन बसायचे आणि नवे लोक उत्तर घेऊनच येतात. मला दोन्ही वाचायला मजा यायची.

घरी थट्टा चालायची. आमचे हे बँकेत नोकरीला. व्याज घेऊ नये, नफातोटा वाटून घ्यावा, एकाचं भांडवल आणि दुसऱ्याचे कष्ट अशी भागीदारी करावी, हे मी जेवताना सांगायला लागले की ते म्हणायचे, तुझी मंडळी इकडे आली तर माझी खुर्ची जाणार. सासूबाई खास धुळ्याच्या. एकदा कागदांचा पसारा बघून त्या म्हणाल्या, “तुले हाई बठ्ठं कसाले जोयजे?” मला हे सगळं कशाला हवंय? मला आनंद होत होता, बस. त्या मात्र पुढच्या रविवारी भाभींसाठी डबाभर शेव देऊन मोकळ्या झाल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं आणि अभ्यासक्रम नव्याने बनवायचे ठरले. अर्थशास्त्राच्या अभ्यासमंडळावर माझी वर्णी लागली, आणि अध्यक्ष झाले सर. मला वाटलं, झालंच काम. आर्थिक विचारांच्या पेपरात ग्रीक आणि युरोपचे धर्मगुरू यांच्यामध्ये एक छोटंसं प्रकरण घालायचं, एवढीच माझी मागणी. पुण्याहून आलेला छापील अभ्यासक्रम आम्ही इतकी वर्षं जसाच्या तसा शिकवला होता. पहिल्यांदाच पेन आमच्या हातात होतं. ते प्रकरण घालायचं राहून गेलं असतं तर पुढची कित्येक वर्षं खानदेशातली मुलं त्या पोकळीवरून माझ्यासारखीच उडी मारून गेली असती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. आणि मला सरांची शाबासकी हवी होती, हेही तितकंच खरं.

बैठक जळगावला होती. मी प्रकरणाचा आराखडा आणि नमुन्यादाखल चार पानं मराठीत लिहून नेली होती. एका सदस्यांनी विचारलं, हा धर्म की अर्थशास्त्र? मी म्हटलं, युरोपातले धर्मगुरू आपण शिकवतोच, ते काय कापसाचे व्यापारी होते? दुसऱ्यांनी हळूच सुचवलं की दिवस बरे नाहीत, कशाला नसता विषय. त्या काळी बाहेरची हवा खरंच गढूळ होती. पण मी म्हटलं, शिकवण्यासाठी बऱ्या दिवसांची वाट पाहायची तर कॉलेजं बंदच ठेवावी लागतील. मी जिंकत चालले होते आणि ते मला कळतही होतं.

तेवढ्यात सरांनी चष्मा वर केला आणि माझ्या नमुन्याच्या पानावर बोट ठेवलं. तिथे मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, की या परंपरेत झाडावरचं फळ लाल किंवा पिवळं होईपर्यंत विकायला मनाई होती. आपल्या भागातल्या मुलांना बागायतीचं उदाहरण जवळचं वाटेल, असा माझा हिशेब.

“हिरव्या केळीचं काय?” सरांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग शेजारचे गृहस्थ फिसकन हसले, आणि बघता बघता अख्खं मंडळ हसायला लागलं. त्यातले निम्मे रावेर-यावलकडचे, केळीतच वाढलेले. केळीचा घड हिरवाच कापतात. झाडावर पिवळा होऊ दिला तर फळं तडकतात, पाखरं तुटून पडतात, आणि दिल्लीला जाणाऱ्या वॅगनमध्ये चढायच्या आधीच त्याचा लगदा होतो. माझ्या नियमाप्रमाणे सावद्याहून एक घडसुद्धा विकता आला नसता. मी जन्मभर हिरवे घड बघत आले होते, आणि लिहिताना मात्र डोळ्यांसमोर अरबस्तानातला खजूर होता!

सर शांतपणे म्हणाले, की जो नियम सावद्याच्या शेतकऱ्याला लागू होत नाही तो विचार म्हणून मुलांना कशाला शिकवायचा? विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब. मी कागद गोळा केले. मान खाली घालून गोळा केले, खरं तर. एस.टी. पकडून धुळ्याला जायच्या ऐवजी मी सरळ माहेरी गेले, इतकी मी फणफणत होते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते बागेत होते. मी सगळी हकीकत सांगितली, तर ते खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून हसायला लागले. “मंग आपून काय केयी झाडावरच पाह्यत बसाचं का?” असं म्हणून पुन्हा हसले. मी रुसून बांधावर बसले. मग ते जवळ येऊन बसले आणि समजूत काढण्यासाठी म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या भांडणाची गोष्ट सांगितली.

शेजाऱ्याने एकदा उभी बाग एका व्यापाऱ्याला विकली होती. घड निघाले, कापणी झाली, सगळं गोडीने पार पडलं. पण केळीचं झाड एक घड देऊन संपतं आणि त्याच्या बुडाशी पील उगवतं, म्हणजे पुढचं झाड. ते वाढवलं की पुढची बाग तयार. तिला आमच्याकडे पिलबाग म्हणतात. पुढच्या हंगामात व्यापारी पुन्हा हजर, आणि म्हणतो कसा, मी बाग विकत घेतली होती, तेव्हा पिलंही माझीच. गावात नुसता कल्ला. शेवटी चार जाणत्यांनी बसून निवाडा केला की एका कापणीपुरताच सौदा होता. आबांना त्यात मजा वाटायची ती व्यापाऱ्याच्या हुशारीची. मला त्यात माझ्या कामाचं काही आहे असं वाटलं नाही. पण राग मात्र उतरला, आणि भरीत-भाकरी खाऊन मी धुळ्याला परतले.

रविवारी भाईसाहेबांना सगळं सांगितलं. तेही हसणार अशी माझी तयारी होती, पण ते हसले नाहीत. त्यांनी कबूल केलं की चूक दोघांची आहे. नियम वाचला आणि पुढे गेलो. हा नियम का, ते विचारलंच नाही. आता ते शोधायचं ठरलं. त्यांच्याकडे नसलेले ग्रंथ त्यांनी मालेगावच्या एका ओळखीच्या मौलवींकडून आणवले. ते ग्रंथ असे, की मधोमध मूळ मजकूर, भोवती त्याच्यावरची टीका, आणि समासात तिरक्या ओळीत त्या टीकेवरची टीका. भाईसाहेब भिंग घेऊन बसायचे आणि मी पान उजेडाकडे धरून उभी राहायची.

कारण हळूहळू उलगडत गेलं. मुद्दा रंगाचा नव्हताच. रोग पडला, वारं आलं, फळ हाती लागलंच नाही, तर विकणाऱ्याने घेतलेले पैसे कोणत्या तोंडाने ठेवायचे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. म्हणून फळ धोक्यातून बाहेर पडेपर्यंत थांबा. आता धोक्यातून बाहेर पडलं हे ओळखायचं कसं, यावर त्यांची आपसात जुंपलेली. खजुराला रंगावरून ओळखा, द्राक्षाला मऊपणावरून, आणि जे फळ कच्चंच तोडून कामाला येतं त्याला ते तोडण्याजोगं झालं यावरून. एक म्हणणार, दुसरा खोडणार, तिसरा दोघांनाही बाजूला सारून नवंच काही काढणार. आमच्या स्टाफरूममध्येही इतकी रंगतदार भांडणं झाली नसतील. त्या हिवाळ्यात मी फार सुखात होते.

आणि मग एके सकाळी भाईसाहेब वाचता वाचता थांबले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. ग्रंथ उत्तर आफ्रिकेकडच्या परंपरेतला होता, कित्येक शतकांपूर्वीचा. काही पिकं एकदा फळून संपत नाहीत, एकामागून एक येतच राहतात. अशा पिकाचा सौदा करताना मुदत ठरवलीच पाहिजे, असं तिथे लिहिलं होतं. उदाहरण म्हणून त्यांनी एक पीक दिलं होतं. भाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, केला.” म्हणजे केळी!

मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग मी आमच्या शेजाऱ्याच्या पिलबागेची गोष्ट सांगितली, आणि भाईसाहेब गुडघ्यावर थाप मारून असे हसले की भाभी स्वयंपाकघरातून धावत आल्या. कुठलं सावदा आणि कुठला तो समुद्रापलीकडचा काझी! त्यालाही कोणी तरी केळीवाल्याने असंच छळलं असणार, एरवी त्याला पिलांची पंचाईत कशाला पडली असती?

पुढच्या बैठकीत मी नियम वाचला नाही. आधी प्रश्न वाचला, मग त्यावरचे मतभेद, आणि शेवटी केळी. सरांनी विचारलं, ग्रंथात केळी असाच शब्द आहे का? मी भाईसाहेबांनी उतरवून दिलेली अरबी ओळ आणि तिचा मराठी अर्थ पुढे सरकवला. पिलबागेची गोष्ट सांगितली तेव्हा रावेरचे सदस्य म्हणाले, आमच्या गावातही असं झालं होतं. मग यावलचे म्हणाले, आमच्याही. पाच-दहा मिनिटं मंडळात फक्त पिलांवरच चर्चा झाली. सर सगळं ऐकत होते. मग त्यांनी मान्य असं लिहून सही केली आणि पुढचा विषय घेतला. मला एक शब्दही बोलले नाहीत.

मला आनंद झाला, पण ती शाबासकी राहून गेल्याची चुटपुट होतीच. बैठक संपल्यावर मी जिना उतरत होते, तर सर खाली उभे होते. मला म्हणाले, चल, चहा घेऊ. टपरीवरच्या बाकड्यावर बसल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

“मी विरोध केळीमुळे केला नव्हता,” ते म्हणाले. “जूनपासून हा पेपर मलाच शिकवायचा आहे. आणि त्या प्रकरणातलं मला काही म्हणजे काही येत नाही. या वयात वर्गात उभं राहून गप्प बसायची मला भीती वाटली.”

मी ज्यांच्यासारखा खडू फिरवत होते त्यांना भीती वाटते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. मी एवढंच म्हटलं, की सर, रविवारी धुळ्याला या.

ते आले. सकाळच्या एस.टी.ने, इस्त्रीचा सदरा घालून, आणि भाभींसाठी केळीच्या वेफर्सचा पुडा घेऊन. भाईसाहेबांनी खुर्ची पुढे केली, पण सर सतरंजीवरच बसले, मांडीवर कागद घेऊन. सुरुवात कुठून करावी ते मला कळेना. शेवटी मी बटईपासून सुरुवात केली. जमीन एकाची, राबणारा दुसरा, आणि पीक वाटून घ्यायचं, हे चालतं की नाही यावर त्या जुन्या लोकांत मोठा वाद झाला होता. एका फार थोर आचार्यांनी सांगितलं, चालत नाही. त्यांच्याच दोन शिष्यांनी सांगितलं, चालतं. आणि पुढे त्या आचार्यांचा सगळा संप्रदाय शिष्यांच्या मताने गेला.

सरांनी लिहिता लिहिता मान वर केली. “आचार्यांना राग आला का?”

मी भाईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडलं नाही.

“नसेल आला,” सर म्हणाले आणि पुन्हा कागदावर वाकले. “पुढे सांग. जरा हळू सांग, मी लिहून घेतोय.”